दात पडलेली लिफ्ट

लिफ्टला आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे कळेनासं झालं, तेव्हा नेमके सेक्रेटरी तिच्या पोटात होते. त्यांनी पाचव्या मजल्याचं बटण दाबलं होतं. लिफ्ट तिसऱ्यापाशी थबकली, काहीतरी विसरल्यासारखी थोडी खाली आली, पुन्हा निघाली आणि चौथ्या-पाचव्याच्या मधोमध भिंतीकडे तोंड करून उभी राहिली ती राहिलीच. जाळीच्या दारातून सेक्रेटरींना खाली चौथ्याची ट्यूबलाइट दिसत होती आणि वर आपल्याच दारातलं पायपुसणं. पायपुसण्याचा उसवलेला कोपरा एकदा शिवून घ्यायला हवा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांना दरदरून घाम फुटला.

सेक्रेटरी हा मुळात भित्रा माणूस. कुत्रा, शिक्का मारलेलं पाकीट, दारावरची मोठी थाप आणि "जरा बोलायचं होतं" अशी सुरुवात करणारी माणसं, या सगळ्यांना ते सारखेच भीत. सोसायटीच्या सभांनाही ते भिऊनच नियमित हजर राहत. आयुष्यात एकदाच त्यांनी सभा चुकवण्याचं धाडस केलं, आणि त्याच सभेत त्यांची सेक्रेटरी म्हणून एकमताने निवड झाली. त्यानंतर त्यांनी धाडस म्हणून केलं नाही.

बघता बघता लिफ्टच्या वर आणि खाली माणसं जमली. वरच्या अंगाला सेक्रेटरींची बायको आणि आई, खालच्या अंगाला चौथ्यावरचे रिटायर्ड इंजिनिअर. यांनी जन्मभर पूल बांधले होते, त्यामुळे अधांतरी लटकणाऱ्या कोणत्याही वस्तूवर आपला अधिकार आहे असं ते समजत.

"हलू नका! अजिबात हलू नका," इंजिनिअर ओरडले. "वजन मध्यावर ठेवा."

सेक्रेटरी मध्यावर सरकले.

"म्हटलं ना हलू नका म्हणून!"

"अहो, तुम्ही आत काय करताय?" वरून बायकोने विचारलं. हा प्रश्न सेक्रेटरींच्या जिव्हारी लागला. बायको पुढे म्हणाली, "तरी मी सांगत होते, सकाळीच ती कुरकुरत होती. पण या घरात माझं ऐकतंय कोण."

तळमजल्यावरून चेअरमनांचा आवाज आला. "काय झालं?" चेअरमन तळमजल्यावरच राहत आणि लिफ्ट ही चैन आहे असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं. "जिना आहे की चांगला! जिन्यासारखा व्यायाम नाही!" चेअरमनांना तो व्यायाम करताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

शेवटी लिफ्टवाला मेकॅनिक आला, त्याने दार उघडलं आणि दोघातिघांनी सेक्रेटरींना काखेत हात घालून वर ओढून घेतलं. ते आपल्याच पायपुसण्यावर पालथे पडले. आई म्हणाली, "लागलं का रे?" एवढं एकच वाक्य त्या दिवशी कोणी सहानुभूतीने बोललं.

मेकॅनिक गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन आला तो हातात बशीएवढा पितळी गिअर घेऊन. "हे बघा. दाते गेलेत ह्याचे. हे चाक मशीनला सांगतं की डबा कुठवर आलाय. दातेच पडले तर ते काय मोजणार, आणि मशीनला काय सांगणार?"

"म्हणजे पडलो असतो का मी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पडला नसतात. पण नशीब तुमचं. एका बिल्डिंगीत असंच झालं होतं…" मेकॅनिक थांबला आणि मान हलवली.

"काय झालं होतं?"

"जाऊ द्या साहेब. झोप नाही लागायची तुम्हाला."

नवीन गिअर टाका म्हटलं तर तो म्हणाला, कंपनी केव्हाच बुडाली. हा माल आता कोणी बनवत नाही. "त्या कंपनीच्या सगळ्याच लिफ्टा एका वयाच्या. आता सगळ्यांचेच दात पडायला लागलेत." एवढं बोलून त्याने लिफ्टचं मुख्य बटण बंद केलं, दाराला 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी अडकवली आणि गिअर सेक्रेटरींच्या हातात देऊन तो जिन्याने निघून गेला.

त्या गिअरचं खरं ओझं सेक्रेटरींना संध्याकाळी कळलं. आई रोजच्यासारखी केस विंचरून, पिशवी घेऊन तयार होऊन बसली होती.

"आई, लिफ्ट बंद आहे."

"मग आता?"

आईचे गुडघे गेल्याला बरीच वर्षं झाली होती. पाच मजले उतरणं तिला जमणारं नव्हतं आणि चढणं तर नाहीच. पण बागेतल्या नळाजवळच्या बाकावर जाणं तिने कधी चुकवलं नव्हतं. तिथे तिची मैत्रीण यायची. मैत्रिणीचं नाव आईला ठाऊक नव्हतं, घर ठाऊक नव्हतं, आणि मैत्रिणीलाही आईबद्दल यातलं काही माहीत नव्हतं.

"इतक्या वर्षांत नाव नाही विचारलंस?" सेक्रेटरी चकित झाले.

"नावं विचारली की मग आडनावं येतात. मग तुमची सून काय करते, जावई कुठे असतो. ते सगळं घरी असतंच की. आम्ही ठरवूनच नाही विचारलं." आई जरा थांबली. "एकच ठरवलंय आम्ही. न सांगता गैरहजर राहायचं नाही. यायचं नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं."

"आणि न सांगता राहिलं तर?"

"ह्या वयात न सांगता गैरहजर राहिलं तर त्याचा अर्थ एकच," आई म्हणाली. "आज ती वाट बघेल, आणि मग मी गेले असं समजून रडत घरी जाईल."

सेक्रेटरी चपला अडकवून धावत जिना उतरले. पण बागेत पोहोचेपर्यंत अंधारायला लागलं होतं आणि नळाजवळचा बाक रिकामा होता. दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून लवकर निघून गेले, तरी बाक रिकामाच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी घरी येऊन खरं ते सांगितलं, आणि सांगितल्यावर पस्तावले. आईचा चेहरा उतरला.

"ती न सांगता राहणारी नाही," आई म्हणाली. "मग तीच गेली की काय?"

त्या दिवसापासून आई खिडकीशी बसू लागली. जेवण नावाला राहिलं. आणि एक दिवस दुपारी बायकोने कचेरीत फोन करून सांगितलं, "लगेच घरी या. आई जिना उतरायला निघाल्यात." सेक्रेटरी धापा टाकत आले तर आई चौथ्या-पाचव्याच्या मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभी होती. तिला उतरवत नव्हतं आणि चढवत नव्हतं. बरोबर त्याच जागी, जिथे भिंतीच्या पलीकडे सेक्रेटरी लटकले होते. खुर्ची आणली, इंजिनिअरांनी वजन मध्यावर ठेवण्याबद्दल सूचना दिल्या, आणि तिला वर नेलं.

"मी पुन्हा उतरणार," आई शांतपणे म्हणाली. "चढायचं कसं ते मग बघू."

 आजवर सेक्रेटरी अनेक गोष्टींना भीत होते. आता ते सगळं मागे सरलं आणि एकच भीती उरली. आपण कचेरीत असताना आई जिन्यावरून पडेल. फोन वाजला की त्यांच्या छातीत धस्स होई. वरच्या साहेबांचा फोन आहे हे कळलं की त्यांना हायसं वाटे. असं वाटणारे त्या कचेरीतले ते पहिलेच कर्मचारी असावेत.

गिअर कापडी पिशवीत घालून सेक्रेटरी बाहेर पडले. लिफ्टमधल्या पितळी पट्टीवर कंपनीचा पत्ता होता. तिथे आता चपलांचं दुकान होतं. दुकानदाराने पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "कमाल आहे. काल पण एक जण हेच विचारत आला होता. गळ्याला मफलर गुंडाळलेला."

"कोण होता?"

"मला काय माहीत? आवाज मात्र बसलेला होता. गुंडासारखा."

सेक्रेटरींनी पिशवी छातीशी धरली. या चाकाच्या मागावर आणखी कोणी आहे, ही गोष्ट त्यांना अजिबात आवडली नाही.

इंजिनिअरांनी सल्ला दिला की टर्नरकडे जा. "लेथवर काय वाटेल ते बनतं. मी एकदा पुलाचा…" पुलाची हकीकत पूर्ण ऐकून सेक्रेटरी टर्नरकडे गेले. टर्नर हा जाडजूड, कमी बोलणारा माणूस होता. त्याने गिअर उलटासुलटा करून पाहिला.

"कसा पाहिजे?"

"हुबेहूब," सेक्रेटरी ठासून म्हणाले. आपण ठासून बोलू शकतो हे कळून त्यांना बरं वाटलं, म्हणून ते पुढे म्हणाले, "अगदी हुबेहूब. सुताचाही फरक नको. आमच्याकडे इंजिनिअर आहेत, ते मोजून बघणार."

परत गेले तेव्हा टर्नरने दोन गिअर शेजारी शेजारी ठेवले. एक जुना मळका, एक नवा लखलखीत. नव्यालाही तेच दाते नव्हते. जिथे जुन्याचे दाते तुटले होते, तिथेच नव्याचेही तुटलेले होते. तुटल्याची कड जशी खरबरीत होती तशीच यालाही होती.

"हे… हे दाते कुठेत?"

"नमुन्यात नव्हते."

"अहो, ते पडलेत म्हणून तर नवा करून घेतोय!"

टर्नरच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. "तुम्ही म्हणालात हुबेहूब. हा इथला टवका बघा. ह्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला." त्याने बोटाने टवका दाखवला. खरंच सुरेख जमला होता. सेक्रेटरींना कोणाला दुखवायची भीती वाटत असल्यामुळे ते म्हणाले, "सुरेख झालाय," आणि दोन्ही गिअर पिशवीत भरू लागले.

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. दारात एक माणूस उभा होता. हातात कापडी पिशवी, गळ्याला मफलर. सेक्रेटरींनी पाहिल्याबरोबर तो झटकन खांबाच्या आड झाला. सेक्रेटरी मागच्या दाराने बाहेर पडले आणि भलत्याच रस्त्याने, दोनदा वाट चुकून घरी आले.

"पाळत आहे माझ्यावर," त्यांनी बायकोला सांगितलं.

"तुमच्यावर?" बायको म्हणाली. एका शब्दात एवढा अविश्वास घालता येतो हे सेक्रेटरींना लग्नानंतरच कळलं होतं.

मेकॅनिकने नवा गिअर पाहिला आणि तो जिन्यात बसून हसला. हसून झाल्यावर त्याने सांगितलं की नीट बनवलेला आणला असता तरी उपयोग नव्हता. आधी लिफ्टच्या सरकारी ऑफिसची परवानगी लागते. "नाहीतर मागे एका बिल्डिंगीत…"

"काय झालं?"

"राहू द्या. तुम्ही आधीच काळजीत आहात."

लिफ्टच्या ऑफिसात लांब रांग होती. खिडकीतल्या क्लार्कने सेक्रेटरींचं सगळं ऐकून घेतलं आणि कंपनी बंद झाल्याचं पत्र मागितलं.

"कोणाकडून आणू?"

"कंपनीकडून."

"कंपनी तर बंद झालीय."

"तेच लिहून आणा त्यांच्याकडून."

सेक्रेटरींना एरवी खिडकीपाशी वाद घालायची हिंमत झाली नसती, पण आई कदाचित या क्षणी जिन्यात असेल या विचाराने ते गयावया करू लागले. क्लार्कलाही कुठेतरी आई असावी. तो जरा पुढे झुकून म्हणाला, "हे बघा, पत्र राहू द्या. कंपनीचा छाप असलेला मूळ गिअर मिळाला तर मी स्वतः येऊन बघतो आणि सही करतो. नवा बनवलेलाही चालेल, पण न वापरलेल्या मूळ गिअरवरून बनवलेला हवा. झिजलेल्या चाकाची नक्कल आणू नका. परवाच एकाने तुटक्या दात्यांची नक्कल आणली होती."

सेक्रेटरी दचकले. आपल्यासारखा आणखी एक गाढव या गावात आहे याचं त्यांना नवल वाटलं. मग त्यांना मागे कोणीतरी घसा खाकरल्याचं ऐकू आलं. रांगेत, त्यांच्या पाठीमागे चौथ्या जागी, मफलरवाला उभा होता आणि कान टवकारून ऐकत होता. दोघांची नजरानजर झाली. मफलरवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण सेक्रेटरींचा आधीच पडलेला असल्यामुळे त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. ऑफिसचा हेर असणार, अशी त्यांची खात्री झाली. लिफ्टचे गिअर हातात घेऊन फिरणाऱ्या लोकांवर नजर ठेवायला सरकारने नेमलेला माणूस. असं कोणतं खातं असेल यावर त्यांनी फार विचार केला नाही. घाबरलेल्या माणसाला खात्याचं नाव लागत नाही.

शेवटी मेकॅनिकनेच एक पत्ता काढून दिला. बुडालेल्या कंपनीच्या गोदामातला माल एका भंगारवाल्याने उचलला होता. सेक्रेटरी तिथे गेले ते आईला "आज मी येईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही" अशी शपथ घालून. आईने शपथ घेतली नाही. ती फक्त म्हणाली, "लवकर ये."

भंगाराच्या आवारात पंख्यांचे ढीग होते, सायकलींचे सांगाडे होते आणि दारात साखळीला बांधलेला एक कुत्रा होता. साखळी किती लांब आहे हे सेक्रेटरींना कळेना. ते कुंपणाला चिकटून, पोट आत घेऊन, आडवे आडवे चालत आत पोहोचले. कुत्र्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

"ह्या कंपनीचा?" भंगारवाल्याने जुना गिअर पाहिला. "एक आहे बघा. एकच." तो आत जाऊन तेलकट कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. कागद सोडला. सगळे दाते जागच्या जागी, मधोमध कंपनीचा छाप, आणि कोणाचा हातसुद्धा न लागलेला. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पॅक करू?"

"नको! तसाच द्या!" कारण त्याच वेळी फाटकातून, कुंपणाला चिकटून, पोट आत घेऊन, मफलरवाला आत येत होता.

त्याने गिअर पाहिला. सेक्रेटरींनी त्याला पाहिलं. पुढे काय झालं ते सेक्रेटरींना नंतर नीट आठवेना. आयुष्यात ज्या माणसाने कधी बसमध्ये खिडकीची जागा धरली नव्हती, त्या माणसाने पाकिटातल्या सगळ्या नोटा भंगारवाल्याच्या मुठीत कोंबल्या, गिअर शर्टाच्या आत घातला आणि पळ काढला. कुत्र्याच्या अंगावरून उडी मारून ते गेले. कुत्रा घाबरून पंख्यांच्या ढिगामागे लपला.

"अहो थांबा!" मागून बसका आवाज आला. "ऐका तरी! माझ्या आईला…"

आईवरून शिव्या घालतोय, मेला, असं मनाशी म्हणत सेक्रेटरी धावत रस्त्याला लागले आणि समोर आली त्या बसमध्ये चढले. बस भलतीकडे जाणारी होती.

गिअर बसला. क्लार्क शब्दाला जागून आला, छाप पाहिला आणि सही केली. मेकॅनिकने पाटी काढली. तळमजल्यावर लिफ्टसमोर सगळी बिल्डिंग जमली होती, आणि सगळे एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत होते.

"सेक्रेटरींचा मान आहे," चेअरमन म्हणाले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींचे पाय जमिनीला चिकटले होते.

"जिन्यानं वर जाऊन आधी आईला सांगून येतो," ते म्हणाले आणि पाच मजले चढून गेले. इतक्या आनंदाने ते जिना कधीच चढले नव्हते. पण वर पोहोचले तर आई केस विंचरून, पिशवी घेऊन, बटण दाबून लिफ्ट वर बोलावून तिच्या दारात उभी. त्यांनी तोंड उघडायच्या आत तिने जाळीचं दार ओढलं आणि आत पाऊल टाकलं.

"आई, थांब! अजून कोणी बसून बघितलेलं नाही!"

"मग मी बघते," आई म्हणाली आणि बोट बटणाकडे नेलं.

सेक्रेटरी आत कसे शिरले हे त्यांना समजलं नाही. दार लागलं आणि लिफ्ट निघाली. त्यांनी डोळे गच्च मिटले. मधल्या जागी काहीतरी कुरकुरलं तेव्हा त्यांनी आईचा दंड घट्ट धरला. आईला आधार देण्यासाठी म्हणून. "इतका घट्ट नको धरू," आई म्हणाली. मग लिफ्ट थांबली.

जुन्या गिअरच्या राज्यात लिफ्ट प्रत्येक मजल्याला वीतभर खाली थांबायची. त्यामुळे बाहेर पडताना पाय उंच उचलायची सवय बिल्डिंगीत लहानथोरांना लागलेली. आज ती तंतोतंत फरशीला लागून थांबली. सेक्रेटरींनी सवयीने पाय उचलला, जिथे पायरी नव्हती तिथे ठेवला, आणि जमलेल्या सगळ्या रहिवाशांच्या पायांशी साष्टांग आडवे झाले. आई हळूच, सपाट पावलाने बाहेर आली आणि त्यांना वळसा घालून बागेच्या रस्त्याला लागली.

बाक रिकामा होता.

आई आपल्या बाजूला बसली. शेजारची जागा तिने पदराने झटकली आणि तशीच मोकळी ठेवली. सेक्रेटरी मागे उभे राहिले. नळ ठिबकत होता. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मी आले नाही त्या दिवशी ती आली असेल. मग नाही सोसलं तिला."  सेक्रेटरींना आता कशाचीच भीती वाटत नव्हती, नुसतं वाईट वाटत होतं.

आणि तेवढ्यात बागेच्या फाटकातून मफलरवाला आत आला.

सेक्रेटरी बाकाच्या मागे खाली बसले. मफलरवाला इकडेतिकडे बघत सरळ बाकाकडेच आला. आता गिअर मागणार, सेक्रेटरींनी मनाशी म्हटलं, आणि गिअर तर लिफ्टमध्ये आहे. तो आईसमोर येऊन उभा राहिला आणि बसक्या आवाजात म्हणाला, "माफ करा हं. तुम्ही इथे रोज बसता का?"

"बसायची."

"माझ्या आईचा निरोप आहे. ती…" त्याने पिशवी खाली ठेवली. "ती गेलेली नाही. हे आधी सांग म्हणाली."

आईने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"त्या दिवशी तुम्ही आला नाहीत म्हणून ती रडतच घरी आली. आणि दुसऱ्या दिवशी आमची लिफ्ट बंद पडली. चौथ्या मजल्यावर असतो आम्ही. मी दोनदा येऊन गेलो, पण बाक रिकामाच होता. ती म्हणते, त्या गेल्या. मी म्हणतो, कशावरून? तर म्हणते, त्या न सांगता राहणाऱ्या नाहीत." त्याने मफलरने डोळे पुसले. "लिफ्टचं एक चाक मिळेना हो. माझा गिअर मी एका टर्नरला दिला होता, तर त्याने…"

"तुटक्या दात्यांसकट केला," बाकामागून आवाज आला.

सेक्रेटरी उभे राहिले. मफलरवाला एक पाऊल मागे सरला. "तुम्ही! तुम्ही ऑफिसचे ना?"

"मी? मला वाटलं तुम्ही ऑफिसचे!"

"मी जाईन तिथे माझ्या आधी तुम्ही पोचलेले! मी घाबरून खांबामागे लपलो होतो!"

आईने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिने जन्मभर घर चालवलं होतं, तिला फार सांगावं लागत नसे.

"आपल्या लिफ्टचं चाक तू कुठून आणलंस रे?"

"भंगारवाल्याकडून."

"हे पण आले होते तिथे?"

"आले होते."

"मग?"

"पैसे देऊन घेतलं, आई."

"पैसे देऊन मग काय केलंस?"

सेक्रेटरींनी खाली पाहिलं. "पळालो."

आई काही बोलली नाही. तिने न बोलण्याचीच सेक्रेटरींना लहानपणापासून भीती होती. त्या शांततेत त्यांना क्लार्कचं बोलणं आठवलं. न वापरलेल्या मूळ गिअरवरून बनवलेला चालेल. त्यांचा गिअर अजून वापरल्यासारखा नव्हता, एकदाच खाली आला होता. पण तो टर्नरला द्यायचा तर बाहेर काढायला हवा. म्हणजे लिफ्ट पुन्हा बंद, पुन्हा पाटी, पुन्हा सगळी बिल्डिंग आणि चेअरमन. आणि आई पुन्हा खिडकीत.

हे सगळं त्यांनी तोंडाने सांगितलं तेव्हा आवाज इतका कापत होता की मफलरवाल्याने आपला घसा त्यांना चिकटला की काय म्हणून काळजीने पाहिलं.

"लोक खाऊन टाकतील मला," सेक्रेटरी म्हणाले.

"खाऊ देत," आई म्हणाली आणि उठली. "आधी मला वर नेऊन सोड. मग काढ ते चाक." मफलरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून ती पुढे म्हणाली, "तिला सांगा, आता दोघी एकदमच खाली येऊ. आणि तोवर कोणी कोणाला मेलेलं समजायचं नाही."

आईला वर सोडून, मफलरवाल्याला बरोबर ठेवून सेक्रेटरींनी मेकॅनिकला पुन्हा बोलावलं. काढायचं म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. मशीनच्या खोलीत पाने फिरवता फिरवता सेक्रेटरींनी त्याला एकदाचं विचारलं, "त्या बिल्डिंगीत शेवटी झालं तरी काय होतं?"

"कुठल्या? ती होय. काही नाही. लोक जिन्यानं जायला लागले."

गिअर निघाला. सेक्रेटरींनी तो तेलकट कागदात गुंडाळून मफलरवाल्याच्या पिशवीत ठेवला आणि बजावलं, "टर्नरला हुबेहूब म्हणायचं. पण जुना दाखवायचा नाही." मग स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या देखत, त्यांनी पाचव्यावर पाटी अडकवली. बातमी मजल्यामजल्याने खाली गेली आणि तळमजल्यावर पोहोचली.

"सेक्रेटरी!" चेअरमनांची गर्जना जिन्यातून वर आली. "पुन्हा बंद? कोणाला विचारून? खाली येऊन उत्तर द्या!"

सेक्रेटरींनी कठडा धरला. मागे दारात आई उभी होती.

"खाली येत नाही!" ते ओरडले. "उत्तर हवं असेल तर जिन्यानं वर या!"

 एवढं बोलून झाल्यावर मात्र सेक्रेटरी तिथेच वरच्या पायरीवर बसले. मफलरवाला पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसला. खालून कोणी चढून येतंय का ते ऐकत दोघं बसून राहिले, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला त्याचं नाव विचारलं नाही.